उसनी माती

वाशीमच्या पाटणी चौकात विकासच्या दुकानात मी कार्डशीट घ्यायला गेले होते, नववीच्या चित्रकलेच्या परीक्षेसाठी. गल्ल्याशेजारी नवा स्टँड दिसला, त्यात कागदी पाकिटं उभी केलेली. मला वाटलं मेंदी असेल, लग्नसराई आहे. विकासनं त्यातलं एक काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचीच हाय ना बाप्पा ही? मस्त चालून राह्यली." पाकिटावर लिहिलं होतं, शुद्ध पांढरी, भिंतचित्रांसाठी नैसर्गिक रंगमाती. खाली एका म्हाताऱ्या हाताचा फोटो, ओल्या भिंतीवर टेकलेला, तर्जनीचं वरचं पेर नसलेला. आणि त्या हाताखाली अवतरणात, 'माती उसनी आणायची असते. काम झालं की परत द्यायची असते.' विजयमाला इढोळे, चित्रकार. म्हणजे मी. पाकीट फोडून हुंगलं. आत माती होतीच, पण तिला गुलाबाचा वास मारला होता. मातीला गुलाबाचा वास! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. "ही कुठून आली?" मी ओरडलेच. विकास दचकला. "शिवमनं ठेवली ना. तुमचाच स्टुडंट. तो म्हने मॅडमची परवानगी हाय." मी कार्डशीट तिथेच टाकल्या आणि बाहेर आले. चौकात ऊन रणरणत होतं आणि माझ्या हातात ते पाकीट तसंच होतं, पैसे न देता आणलेलं.

परवानगी. कसली परवानगी, कधी दिली? एसटी स्टँडपर्यंत चालत जाताना मी फोनमध्ये मागे मागे गेले, आणि सापडली. जानेवारीतली. शिवमचा मेसेज, 'मॅडम, तुमचं एक वाक्य आणि स्लाइडमधला एक फोटो वापरू का, छोटासा स्टार्टअप आहे, मातीचाच.' त्याच्याखाली माझा अंगठा आणि दोन जोडलेले हात. बस. मी तेव्हा कुठल्यातरी प्रशिक्षणात बसले होते, समोर कोणीतरी पोर्टल कसं भरायचं ते सांगत होतं, आणि मी न वाचताच अंगठा दिला. आमच्या बाबांच्या पिढीतल्या लोकांना आपण अंगठेबहाद्दर म्हणायचो. आता पदवीधर माणसंही अंगठेच देतात, आणि दिवसाला पन्नास देतात.

मंगरुळपीरमार्गे मानोऱ्याला जाणारी गाडी लागली होती. रामनवमी जवळ आली की ह्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, सगळे पोहरादेवीला निघालेले, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. मला दारापाशी उभं राहायला मिळालं. शिवमला फोन लावला. पोरगा आनंदानं ओसंडत होता. "पाहिलं का मॅडम पाकीट? एक ग्रॅम प्लास्टिक नाही! शाईसुद्धा सोयाबीनची आहे." मी विचारलं, माती कुठली? "आपलीच ना मॅडम, उजाड टाकळीची. तुम्हीच तर दाखवली होती." किती नेलीस? "मी फक्त दोन ट्रॉल्या नेल्या हो, आईशप्पथ. बाकीची लेआउटवाल्यानं नेली, भरावासाठी. त्याला माझं जेसीबी तिथं दिसलं, मग त्यानं तीन लावले. त्याच्यात माझं काय चुकलं?" मी त्याला शिव्या दिल्या. गर्दीत दिल्या, देवाला निघालेल्या बायांच्या कानावर जातील अशा दिल्या. एक म्हातारी माझ्याकडे पाहून दुसरीला म्हणाली, "बाई शिकेल दिसते." शिवम पलीकडून म्हणत होता, मॅडम, तुम्हीच शिकवलं ना की कला निसर्गातून उगवली पाहिजे. मी फोन बंद केला. सगळ्यात जास्त राग मला ह्याचा आला की तो खोटं बोलत नव्हता.

उजाड टाकळी म्हणजे एक रिठ. रिठ म्हणजे कधीकाळी वसलेलं आणि मग उठलेलं गाव. माणसं का उठली कोणाला माहीत नाही, पटकी आली असेल, पाणी तुटलं असेल. राहिला तो उंचवटा. ढासळलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, कडबा, हाडं, दोनतीनशे वर्षांचं जगणं खाली बसून त्याची जी माती होते ती पांढरी. शेतातली काळी, गावातली पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीत काही येत नाही, पण भिंतीला लावली की तिला असा उजेड येतो की चुन्यानं तोंड लपवावं. तिथून जवळच सोमला तांडा आहे आणि तिथे चंदाबाई राहते. आमच्या शेतात सोयाबीन सोंगायला यायची ती माणसं. मी फ्रॉकात होते तेव्हापासून ती मला विजू म्हणते आणि मी तिला चंदाबाई म्हणते, आणि अहोजाहो आमच्यात कधी शिरलंच नाही. दिवाळी झाली की ती घरच्यांबरोबर ऊसतोडीला जाते, चैत्रात परत येते, आणि आली की पहिलं काम भिंत. पांढरीनं पोतारायची आणि ओली असतानाच चार बोटांनी त्यात ओढायचं. रेघा, नुसत्या रेघा. वाऱ्यानं ज्वारी कलते तशा, मग मध्येच उलट्या, मग एका कोपऱ्यात एवढंसं मोकळं. घरकुलाचं सिमेंटचं घर मिळालं तरी तिनं त्या सिमेंटलाही सोडलं नाही. बारा वर्षांपूर्वी मी ते नीट पाहिलं तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, तैलरंगांत विहिरी आणि बैलजोड्या रंगवून त्या बँकांच्या कॅलेंडरांना विकत होते आणि मला स्वतःची किळस आली होती. मी त्या भिंतीसमोर बसले आणि चक्क रडले. चंदाबाई म्हणाली, "भूक लागली काय व?"

तिनंच मला पहिल्यांदा रिठावर नेलं. पायी. बाभळीतून पायवाटसुद्धा नीट नव्हती, लहानपणी शेतात काटे फ्रॉकला लागायचे तसे साडीला लागत होते. तिनं टोपलं भरलं, माझं भरलं, आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. मी म्हटलं, उद्या सायकल आणते. ती भडकली. "डोक्यावर न्याची. चाकावर नाही. डोक्याले झेपते तितकीच आपली." घरी आणून भिजवली, लावली, आणि जी उरली ती संध्याकाळच्या आत पुन्हा टोपल्यात भरून तिनं रिठावर नेऊन टाकली. एवढ्याशा, दोन ओंजळी मातीसाठी तीन किलोमीटर. मी विचारलं, काहून? "तिची तिले," ती म्हणाली. त्यापलीकडे तिनं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं.

सांगितलं ते मी. मी त्याचं तत्त्वज्ञान केलं. ट्यूबमधले रंग फेकले, कॅनव्हास फेकला, नायलॉनचे ब्रश पोरांना वाटून टाकले. जे मातीत परत जाणार नाही ते चित्र नाही, असं मी म्हणू लागले, आणि लोक ऐकू लागले. पुण्याच्या चर्चासत्रात मी म्हटलं की चित्रकार मालक नसतो, तो उसनवार नेणारा शेजारी असतो, शेजाऱ्यानं वाटीभर साखर न्यावी आणि वाटी परत करावी, तर सगळं सभागृह उभं राहिलं. नागपुरात एका बाईनं माझे हात हातात घेतले. वर्तमानपत्रात आलं, 'वऱ्हाडच्या मातीतली विचारवंत.' आणि चंदाबाईचं नाव? मी म्हणायचे, 'आमच्या भागातल्या बायका.' बायका! जशी काही ती पंचवीस जणींची बचतगटाची टोळी होती. तिच्या हाताचा फोटो स्लाइडवर, पेर तुटलेल्या बोटासकट, ते बोट उसाच्या कोयत्यानं गेलेलं, आणि खाली नाव माझं. हे मला तेव्हा दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं होतं. पुढच्या वेळी सांगू, म्हणत राहिले.

फाट्यावर उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते. आधी रिठावर गेले. जाण्याची गरज नव्हती, शिवमनं सांगितलंच होतं, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं, रागाला आणखी सरपण हवं होतं. उंचवटा नव्हताच. त्याच्या जागी डबकं होईल एवढा खड्डा, कडांवर जेसीबीच्या दातांचे ओरखडे, आणि कापलेल्या कडेत सगळं उघडं पडलेलं, राखेचा काळा पट्टा, खापरं, एका जात्याची अर्धी तळी. कोणाचंतरी घर. कोणाचीतरी चूल, जी दोनशे वर्षं कोणी विस्कटली नव्हती. ती माती आता वाशीमच्या बाहेर कुठल्यातरी लेआउटमध्ये प्लॉटच्या खाली दाबली जात होती आणि राहिलेली गुलाबाचा वास लावून मेंदीसारखी उभी होती. मी तिथे उभी राहून मोठ्यानं ओरडले. काय ओरडले आठवत नाही. शिवमला, लेआउटवाल्याला, तलाठ्याला, सगळ्यांना. मग वाळलेल्या ओरखड्यांतून चालत बाहेर आले, आणि ज्या वाटेनं बाहेर आले ती चांगली रुंद होती, ट्रॅक्टर सहज जाईल अशी. मी त्या वाटेकडे पाहिलं आणि भराभर चालू लागले.

चंदाबाई दारात बसली होती, भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर गेल्या सालची पांढरी पोपडे धरून सुटत होती, खालचं सिमेंट दिसत होतं. तिची नात रंजीता आत काहीतरी हलवत होती. रंजीता बी.ए. झालीय मानोऱ्याला, परवा तिची सगाई, पाहुणे किनवटकडचे. "आली काय व," चंदाबाई म्हणाली. उठली नाही. नेहमी उठते. मी तिच्या पुढ्यात बसले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं, शिवम कसा हरामखोर निघाला, लेआउटवाला कोण, मी आजच तहसीलदाराला अर्ज देते, पेपरवाल्याला बोलावते, उपोषणाला बसते, चंदाबाई, आपण दोघी बसू. मला वाटत होतं ती पण चिडेल, दोघी मिळून चिडू, म्हणजे माझा राग जरा वाटला जाईल.  माझं संपल्यावर ती म्हणाली, "मी कारखान्यावरून आली, दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन गेली. खड्डा पाह्यला. मले वाटलं मी रस्ता चुकली. वापस येऊन पुन्हा गेली." आणि मग, "जेसीबी काय उडत आलं काय विजू?"

"म्हणजे?"

"तिथं वाट नव्हती. गाडी जाईन अशी वाट कोनं केली?"

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीनंतरची कार्यशाळा. चाळीस कलाशिक्षक, तीन दिवस, 'माती, भिंत आणि भान', नाव मीच दिलेलं. चंदाबाई तेव्हा ऊस तोडायला गेलेली होती. चाळीस जणांना माती लागणार, वेळ थोडा, जेवणाच्या डब्यांची वेगळीच बोंब. मी एक मालवाहू ऑटो ठरवला. ऑटोला बाभळी आडव्या येत होत्या, तर मदतीला आलेल्या शिवमला म्हटलं, तोड रे, तेवढ्या तोड, पुन्हा फुटतात. तीन खेपा झाल्या. उरलेली माती कार्यक्रमानंतर शाळेच्या मागे बागेत टाकली, शिपाई म्हणाला गुलाबांना चालेल. आणि त्याच दिवशी संध्याकाळी समारोपात मी तेच वाक्य म्हटलं, उसनी आणायची, परत द्यायची, आणि चाळीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. चंदाबाईला हे कोणी सांगितलं? कोणी सांगायची गरज नव्हती. तिला बाभळीच्या तुटलेल्या बुंध्यांवरून वर्ष कळतं.

"बोल ना व. कोनं केली?"

"मी," मी म्हटलं. आणि लगेच, लाज वाटायला हवी होती ती न वाटता, "चाळीस मास्तर होते चंदाबाई. चाळीस जणांना माती लागत होती, मी एकटी काय करणार होते?"

 "चाळीस मास्तर," चंदाबाई म्हणाली. "मंग त्याहिले चाळीस डोके नव्हते काय?"

 बारा वर्षांत मी मातीवर शंभर भाषणं दिली असतील, त्यातलं एकही कामाला आलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्यातही मी चिडलेलीच होते, आता कोणावर ते कळत नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी पर्समधून ते पाकीट काढलं. का काढलं? देव जाणे. माझ्या डोक्यात आलं असावं की निदान एवढी तरी माती आहे. तिनं ते हातात घेतलं. अक्षरं तिला वाचता येत नाहीत. फोटो बघितला, स्वतःचा हात त्याच्या शेजारी धरला, तुटलेलं पेर तुटलेल्या पेराशेजारी. "हा त माहा हात हाय." रंजीता बाहेर आली, तिनं वाचलं आणि तिचं तोंड बदललं. "दादी, हात तुहा हाय आन् बोलनं मॅडमचं हाय," ती म्हणाली. चंदाबाईनं चिमूटभर माती काढून हुंगली. "ह्याले वास कायचा येते?"

"गुलाबाचा."

"काहून? पाहुने भिंत हुंगतीन काय?" आणि ती हसली, खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मग हसू थांबलं आणि तिनं पाकीट माझ्या मांडीवर फेकलं. "मले राग येऊन राह्यला तुहा," ती म्हणाली. "लय राग येऊन राह्यला. त्या पोट्ट्याचा नाही येत. त्याले कोनं शिकवलंच नाही. तुले मी सोता नेलं होतं." हे तिनं आवाज न चढवता म्हटलं. तिनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी जास्त सोपेपणानं सहन केल्या असत्या.

रंजीतानं आतून डबा आणला. प्लास्टिक पेंट, पांढरा, वीस लिटर, मानोऱ्याच्या दुकानातला, आणि दोन रुंद ब्रश. "मॅडम, परवा पाहुने येतात," ती म्हणाली. "आमाले भिंत पाह्यजे. तुमी भाषन नंतर करा." तिनं एक ब्रश माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, मी हा रंग वापरत नाही. जीभ आपोआप वळली, बारा वर्षांची सवय, कोणी कोल्ड्रिंक पुढे केलं की नको म्हणतो तशी. आणि माझं बोलणं माझ्याच कानांनी ऐकलं. मी वापरत नाही. मी सोवळ्यातली. माझ्या भिंती पावसात विरघळतात, माझ्या चित्रांनी पृथ्वीवर ओरखडा उठत नाही, कारण उठायचे ते ओरखडे तिकडे बाभळीमागे उठलेले असतात, कोणाच्यातरी दुसऱ्याच्या खात्यावर.

"तू वापरत नाही," चंदाबाई म्हणाली, "मंग आमी काय हौसेनं वापरून राह्यलो काय?"

मी ब्रश घेतला. पदर खोचला, खुर्चीवर चढले आणि वरपासून सुरुवात केली. आधी पोपडे खरवडले, रंजीता खालून खरवडत होती. गेल्या सालच्या रेघा खराट्याखाली पडत होत्या, पीठ पडावं तशा. मग रंग. त्याचा तो गोड, डोक्यात चढणारा वास, जो मी बारा वर्षं घेतला नव्हता आणि ब्रश, जो माझ्या हाताला मात्र अजून पाठ होता, मनगट आपसूक वळत होतं, एक थर आडवा, एक उभा. हात बेइमान असतात, त्यांना काही वाटत नाही. काम भराभर होत होतं. तेही मला सहन होत नव्हतं, की इतकं भराभर होतंय, इतकं सपाट, इतकं पांढरं. दीड तासात अर्धी भिंत झाली. ह्याच कामाला चंदाबाईला पाच दिवस लागायचे. शेजारची दोन पोरं येऊन बघून गेली, छान दिसते म्हणाली. आणि छान दिसत होतीच. मला ओरडावंसं वाटत होतं की छान दिसत नाही, पण दिसत होती.

चंदाबाई इतका वेळ बाजेवर बसून होती, भाकरीही खाल्ली नव्हती. आता उठली, भिंतीजवळ आली आणि तिनं चार बोटं ओल्या रंगावर टेकवली. ओढायला गेली. रंग बोटांमागे नुसता पसरला, रेघ उमटली नाही, गुळगुळीत झाला आणि मिटला. तिनं बोटं पाहिली, लुगड्याला पुसली, जात नव्हतं. "पुन्हा कधी लावा लागते हा?" तिनं विचारलं.

रंजीतानं डबा फिरवून वाचलं. तिच्या आवाजात आनंद होता, आणि का नसावा, तिच्या सगाईची भिंत होती. "दहा वर्सांची गॅरंटी हाय दादी. दहा वर्सं हात लावाचं काम नाही."

"दहा वर्सं?"

"हो ना."

चंदाबाई काहीतरी मोजत होती, ओठ हलत होते. "म्हंजे येत्या साली मी कारखान्यावरून आली," ती म्हणाली, "आन् मंग काय करू?"

"आराम कर ना दादी," रंजीता म्हणाली.

चंदाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "विजू, तुले इचारून राह्यली मी."

ब्रशवरचा रंग ओघळून माझ्या कोपरापर्यंत आला होता. खाली बघायची माझी हिंमत झाली नाही. भिंत अजून अर्धी बाकी होती, मी ब्रश डब्यात बुडवला आणि रंगवत राहिले.